९ सप्टेंबरला सातारा आणि सांगलीत स्थानिक सुट्टी असावी का?

वडूजकर :
‘छोडो भारत’ आंदोलनात ९ सप्टेंबर १९४२ रोजी परशुराम घार्गे यांच्या नेतृत्वाखाली सातारा जिल्ह्यातल्या वडूजच्या तालुका कचेरीवर तिरंगा लावायला निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि नऊ माणसे हुतात्मा झाली. जिल्हाधिकाऱ्यांना ज्या मोजक्या स्थानिक सुट्ट्या जाहीर करता येतात, त्यांतली एक दोन्ही जिल्ह्यांत या दिवसाला मिळावी, असे माझे ठाम मत आहे. दोन्ही जिल्ह्यांत अशासाठी, की तेव्हा तासगाव, वाळवा, शिराळा हा भाग साताऱ्यातच होता. दक्षिण सातारा वेगळा झाला तो १९४९ साली आणि त्याचे नाव सांगली झाले ते १९६० साली. आमच्या हुतात्मा स्मारकावर कामाच्या दिवशी ओळखीची तीच माणसे येतात, याचे मला फार वाईट वाटते.

वाळवेकर :
आदर पूर्ण ठेवून मी विरोध करतो. वडूजच्या दुसऱ्याच दिवशी, १० सप्टेंबरला, इस्लामपूरच्या मोर्चावर गोळीबार होऊन पंड्या आणि बारपटे हे दोघे गेले. त्यांचा दिवस कोणता मानायचा? शिवाय शाळा बंद राहिली, की मुले घरी बसतात. गेल्या वर्षी माझी मुलगी शाळेच्या रांगेतून तेरड्याची फुले घेऊन स्मारकावर गेली आणि संध्याकाळी तिने ती दोन नावे मला न अडखळता सांगितली. सुट्टी असती तर हे घडले नसते.

वडूजकर :
तुमच्या मुलीचे कौतुक आहे, पण सगळ्याच शाळा मुलांना नेत नाहीत. शिवाय स्मारकावर यावेसे वाटणारा गिरणीतला किंवा कार्यालयातला माणूस रजा कशाच्या आधारावर मागणार? तारखेचा प्रश्न मात्र रास्त आहे, तो मला मान्य आहे.

तासगावकर :
३ सप्टेंबरला आमच्या कचेरीवर गोळी न चालता तिरंगा लागला, म्हणून तो दिवस कोणाला आठवत नाही, ही माझी खंत आहे. आपण फक्त रक्त सांडलेल्या तारखा मोजतो. पुढे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने, म्हणजे ब्रिटिशांना समांतर चाललेल्या लोकांच्या सरकारने, गावोगाव न्यायदान मंडळे चालवली आणि थोडक्या खर्चात गांधी लग्ने लावली, त्या कामाला तर तारीखच नाही. म्हणून माझा सुट्टीला विरोध आहे. त्याऐवजी ३ ते १० सप्टेंबर हा आठवडा दोन्ही जिल्ह्यांच्या शाळांनी पाळावा आणि ज्या गावात न्यायदान मंडळ बसे, तिथल्या वृद्धांकडून मुलांनी त्या आठवणी लिहून घ्याव्यात. ऐकलेले सांगणारेही आता थोडेच उरले आहेत.