बाबांचा बीपी १३०च्या खाली पाहिजे की १४० चालतो? दोन डॉक्टर, दोन मतं

मनीषनगरकर: नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक आहे. बाबा ७१ वर्षांचे, बीपी बारा-तेरा वर्षांपासून, शुगर नाही. इतवारीतले आमचे जुने डॉक्टर म्हणायचे या वयात १४० पर्यंत चालतं. फेब्रुवारीत धंतोलीत एका फिजिशियनला दाखवलं तर तिथे १५२ निघाला, १३०च्या खाली पाहिजे म्हणून टेल्मिसार्टन या बीपीच्या गोळीसोबत पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी जोडली. आता नवतपा सुरू, बाहेर ४५, नि परवा पहाटे बाबा कूलरसमोरून उठून बाथरूमकडे गेले ते दारातच बसले, डोळ्यापुढे अंधारी आली म्हणे. आई म्हणते गोळ्या जास्त होऊन राहिल्या. कोणाचं ऐकायचं? नि घरी मशीन कोणतं घ्यायचं?

खामल्याची सून: माझ्या सासऱ्यांचंही असंच झालं होतं. आम्ही उन्हाळाभर गोळी बंदच ठेवतो, चिमूटभर मीठ टाकून पन्हं देतो, काही होत नाही बाप्पा.

रात्रपाळी: ताई, असं सरसकट नका सांगू. मनानं गोळी बंद करून मग कॅज्युअल्टीत आलेले लोक मी दर उन्हाळ्यात पाहतो.

भाऊ, दोघंही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर आहेत. हा वाद २०१५च्या स्प्रिंट ट्रायल नावाच्या मोठ्या अभ्यासापासून पेटला. अमेरिकेतले ९,३६१ लोक, ५० च्या वरचे, शुगरवाले नव्हते. अर्ध्यांचा वरचा बीपी १२०च्या खाली ठेवायचा, अर्ध्यांचा १४०च्या. १२० वाल्यांत हार्ट अटॅक, स्ट्रोक, हार्ट फेल्युअर वगैरे सगळं मिळून साधारण पाव हिस्सा कमी, नि पंचाहत्तरीच्या वरच्यांनाही फायदा झाला. पण बीपी एकदम उतरणं, शुद्ध हरपणं, किडनीला मार बसणं हेही त्यांच्यातच जास्त. नि तिथला बीपी पाच मिनिटं शांत बसवून ऑटोमॅटिक मशीननं तीनदा घेतलेला. आपल्याकडे ऑटोतून उतरून दोन मजले चढलेल्या माणसाचा एकदाच घेतात, तोही शर्टाच्या बाहीवरून, नि मधातच विचारतात जेवले का काका. त्या १५२ वर माझा तरी लगेच विश्वास बसत नाही.

मशीन दंडाला बांधायचं घ्या, मनगटाचं नको. लघवी करून, चहा न घेता, पाठ टेकून पाच मिनिटं बसवा, मग मोजा. मग उभं करून एक नि तीन मिनिटांनी परत. वरचा आकडा २० किंवा जास्त पडला तर ते लिहून उद्याच डॉक्टरांना दाखवा. रक्तातलं सोडियम (मिठाचं प्रमाण) नि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) तपासायचं का तेही विचारा, घामाच्या दिवसांत पाण्याच्या गोळीनं म्हाताऱ्यांचं सोडियम उतरतं.

खामल्याची सून: आमच्या इथे उभं करून कोणी कधी मोजलंच नाही जी.

मनीषनगरकर: अपडेट. बसून १२६, उभं राहिल्यावर १०२! सोडियम १२९, म्हणजे कमी. धंतोलीवाल्या डॉक्टरांनी कागद पाहिला, पाण्याची गोळी काढली, टेल्मिसार्टन तेवढीच ठेवली, आठ दिवसांनी परत सोडियम करायला सांगितलं. टार्गेट १३०च, पण घरच्या मशीनवरचं, नि उभं राहून चक्कर नसेल तरच. बाबा आता शेजारच्या काकांनाही उभं करून मोजून राहिले.