वाघनखं उसनी आणायची की मागायची?

अजिंक्यताऱ्याखाली
काल इथं फोरमवर एकानं लिहिलं: "वाघनखं साताऱ्यात सात महिने राहिली, लोकांनी बघितली, झालं की! ज्या वस्तू लंडनला आहेत त्या तिथंच सुरक्षित आहेत." हे वाचून गप्प बसवत नाही.

जुलै २०२४ मध्ये शिवरायांची म्हणून ओळखली जाणारी वाघनखं आली ती तीन वर्षांच्या उसनवारीवर. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला ती १९७१ मध्ये ग्रँट डफच्या वंशजाकडून मिळाली. डफ साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा दरबारातला प्रतिनिधी, झाला तेव्हा पेशवाई नुकतीच बुडाली होती आणि प्रतापसिंह महाराजांना कंपनीनंच गादीवर बसवलं होतं. त्या काळात साहेबाच्या हातात जे पडलं त्याला 'भेट' कसं म्हणायचं? नाही म्हणायची सोय होती का देणाऱ्याला?

"कायद्यानं परत देता येत नाही" हेही अर्धंच उत्तर आहे. १९८३ चा ब्रिटिश नॅशनल हेरिटेज अ‍ॅक्ट विश्वस्तांचे हात बांधतो, हे खरं. पण नाझींनी लुटलेल्या वस्तू परत करता याव्यात म्हणून त्याच संसदेनं २००९ मध्ये वेगळा कायदा केला आणि हे म्युझियम त्यात आहे. म्हणजे मनात आलं की वाट निघते.

ताम्रपट
भावना मान्य, पण दावा भावनेवर उभा राहत नाही. वाघनखांच्या डबीवरचा मजकूर सांगतो की पेशव्यांच्या प्रधानानं ही वस्तू डफला दिली. सातारच्या गादीचं नाव त्यात नाही. अफझलखानाच्या वेळची वाघनखं हीच, हे सिद्ध करता येत नाही असं म्युझियम स्वतः सांगतं. मग मालक कोण, वस्तू त्याच्या हातून कधी गेली, कशी गेली? तिन्हीची उत्तरं लागतात.

पाथूरच्या नटराजाचं बघा. १९७६ मध्ये तमिळनाडूत जमिनीत सापडला आणि लंडनला पोचला. खटल्यात मूर्तीवरची माती आणि वाळवीच्या खुणा तिथल्याच दुसऱ्या पुरलेल्या मूर्तींशी ताडून बघितल्या, खुद्द देवळालाच दावेदार मानलं, तेव्हा कुठं तो १९९१ मध्ये परत आला. श्रीपुरंतनचा नटराज ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीनं २००८ मध्ये विकत घेतला होता. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेकडं त्याचे देवळातले जुने फोटो होते, म्हणून २०१४ ला सुटला. आपल्याकडं किती गावांत असा एक तरी फोटो आहे?

हरिपूरकर
फोटोचं सोडा, मूर्तीच जागेवर राहत नाहीत! जीर्णोद्धार म्हणजे संगमरवर आणि चकचकीत टाइल्स. जुनी मूर्ती पिंपळाखाली ठेवतात नाहीतर कृष्णेत सोडतात. वीरगळांना, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळांना, दरवर्षी यात्रेआधी ऑइलपेंट. काळ्या दगडातली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, क्षार रंगाखाली साठतात आणि पापुद्रा सुटला की घोड्याचे पाय, अप्सरेचे हात त्याच्याबरोबर जातात. मग कुणीतरी सँडब्लास्टिंगवाला आणतो आणि उरलेला शिलालेखही उडतो.

अजिंक्यताऱ्याखाली
विषय लंडनचा चाललाय, तुम्ही पिंपळाखाली काय नेताय? "तुम्हाला सांभाळता येत नाही" हेच तर ते दोनशे वर्षं म्हणतायत! माझ्या घरात पसारा आहे म्हणून चोरलेलं भांडं चोराचं होत नाही.

हरिपूरकर
चोराचं होत नाहीच. पण वीरगळ रंगवणारा चोर नाही आणि नुकसान मात्र कायमचं करतो, म्हणून बोलतोय. रंग काढायचाच असेल तर आधी पुरातत्त्व खात्याला विचारा. जाणकार माणूस पाठीमागं बोटभर जागेवर चाचणी घेतो, रंग सोडवणारी पेस्ट लावून वर प्लास्टिक झाकतो, फुगलेला रंग बांबूच्या काडीनं आणि नायलॉनच्या ब्रशनं काढतो. शेवटी ओल्या कागदी लगद्याचा थर देऊन तो वाळू देतो, म्हणजे क्षार त्यात ओढले जातात. तारेचा ब्रश, अ‍ॅसिड, ग्राइंडर यांतलं काहीही दगडाजवळ नेऊ नका.

दंडोबा
वीरगळांवर वेगळा धागा काढा हो. पण हरिपूरकरांचा मुद्दा भरकटलेला नाही. जीर्णोद्धारात बाहेर ठेवलेली मूर्तीच आधी उचलली जाते. पोलिसांत तक्रार काय होते? "एक दगडी मूर्ती, उंची अंदाजे दोन फूट." या वर्णनावर परदेशातला कुठला व्यापारी वस्तू सोडेल? १९७२ च्या पुरावशेष कायद्यात नोंदणीची तरतूद आहे, पण ती किती देवस्थानांनी केली ते विचारूच नका.

यात्रा कमिटीनं एका सकाळी एवढं करावं. अभिषेकाला वस्त्रं उतरतात तेव्हा समोरून, दोन्ही बाजूंनी, जमलं तर पाठीमागून आणि वरून फोटो. शेजारी पट्टी. फ्लॅश बंद, उजेड एका बाजूनं तिरका, म्हणजे झिजलेली अक्षरंही उठतात. नाक, बोटं, आयुधं, पीठाचा कोपरा जिथं तुटलंय तिथं अगदी जवळून, कारण मूर्तीची नक्कल करणारे पुष्कळ, पण तुटीची कड हुबेहूब जमत नाही. उंची, रुंदी, जाडी मिलिमीटरमध्ये, पितळी मुखवटा असेल तर वजनही. प्रती तीन, आणि त्यांतली एक गावाबाहेर. २०१९ च्या महापुरात नदीकाठच्या कपाटांतल्या कागदांचं काय झालं ते सांगलीकरांना सांगायला नको.

ताम्रपट
हेच म्हणत होतो. आणि विकत घेण्याचा मार्ग तर त्याहून वाईट. रघुजी भोसल्यांची तलवार सरकारनं २०२५ मध्ये लिलावात ४७.१५ लाखांना घेतली. आता प्रत्येक लिलाववाल्याला कळलं की मराठ्यांचं नाव लावलं की गिऱ्हाईक ठरलेलं.

अजिंक्यताऱ्याखाली
मग काय, खासगी दिवाणखान्यात जाऊ द्यायची होती? तलवार नागपूरकर भोसल्यांची, ती आली हे चांगलंच झालं. नोंदीचं दंडोबांचं म्हणणं घेतो, नाइलाजानं का होईना. पण डफच्या काळात गावागावात कॅमेरे नव्हते. तेव्हा नेलेल्याला आजच्या चोरीचा पुरावा मागणं हा अन्याय आहे. तिथं नेणाऱ्यानं सिद्ध करावं की रीतसर मिळालं.

ताम्रपट
तत्त्व म्हणून हे मला पटतं, कोर्टात टिकणार नाही. आणि उसनवारीच्या करारावर सही केली म्हणजे मालक ते, हे आपणच कबूल केल्यासारखं होतं. आफ्रिकेतल्या घानालाही २०२४ मध्ये तिथल्या असांते राजांचं सोनं लंडनच्या म्युझियमांकडून तीन वर्षांच्या उसनवारीवरच मिळालं.

अजिंक्यताऱ्याखाली
म्हणूनच २०२७ ला मुदत संपण्याआधी पुढच्या करारात एक ओळ घालून घ्या: या सहीनं मालकीचा दावा सोडलेला नाही. ती ओळ ते नाकारणार असतील तर लेखी नाकारू देत.

दंडोबा
ओळ घाला, पण मुदत संपल्यावर वस्तू अडवून ठेवायची भाषा कुणी करू नका. एक वस्तू अडवली की कुठलंही म्युझियम भारतात काही पाठवणार नाही.

अजिंक्यताऱ्याखाली
अडवा असं मी कुठं म्हटलं? मागा म्हटलंय.