जंगम, गोसावी, जोगी, बैरागी : कोणाला काय म्हणावे?

प्रश्न : सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांच्या यात्रेसाठी, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेसाठी, माहितीपत्रक लिहितो आहे. त्यात ‘भस्मधारी बैरागी’ असे लिहिले, तर घरातल्या वडीलधाऱ्यांनी ते खोडले. शिवभक्त साधूला नेमके काय म्हणायचे?

उत्तर : खोडले ते बरोबरच. शब्दाचे मूळ वैराग्य असले तरी रूढ अर्थाने बैरागी वैष्णव, बहुधा रामानंदी. त्याचे गंध उभे आणि गळ्यात तुळशीची माळ. शैवाचे त्रिपुंड्र, म्हणजे भस्माच्या तीन रेघा, आडवे आणि गळ्यात रुद्राक्ष. कपाळ पाहिले की निम्मी चूक टळते.

गोसावी म्हणजे दशनामी, शंकराचार्यांच्या परंपरेतल्या दहा नावांच्या शैव संन्याशांपैकी. नावापुढे गिरी, पुरी, भारती वगैरे. पण पिढ्यान्‌पिढ्या संसार करणारी गोसावी घराणीही आहेत, म्हणून संसार सोडलेल्याला ‘दशनामी संन्यासी’ म्हणा. जोगी नाथपंथी. त्यांतल्या कानफाट्या जोग्याच्या कानात मुद्रा (कुंडले) असतात, त्या पाळीत नव्हे तर कानाची कूर्चा चिरून घातलेल्या.

दुसरे उत्तर : सोलापुरात खरा घोळ ‘जंगम’ या शब्दाचा होतो. ‘जंगम साधू’ किंवा ‘जंगम संन्यासी’ असे सरसकट लिहू नका. वीरशैव-लिंगायतांच्या अष्टावरणांत गुरू, लिंग, जंगम, विभूती, रुद्राक्ष, मंत्र, पादोदक, प्रसाद अशी आठ आवरणे येतात. तिथे जंगम हे पूज्य स्थान आहे. मूळ अर्थ फिरता, एका जागी न अडकणारा. आज मात्र बहुतेक जंगम गृहस्थ आहेत. जन्म, लग्न, अंत्यविधी यांचे संस्कार करतात. गावच्या मठाकडे ही सेवा असली की ‘मठपती’. जंगम मुलाच्या दीक्षेला ‘अय्याचार’ म्हणतात. लग्न न करता मठात राहतो तो ‘विरक्त’. वीरशैवांच्या पाच मुख्य पीठांच्या, म्हणजे पंचपीठांच्या, परंपरेत पट्टाभिषेक झालेल्या मठाधिपतींच्या नावापुढे ‘शिवाचार्य’ लागते. सोलापूरजवळच्या होटगी मठाच्या पत्रिकांत हे दिसेल. बोलताना ‘स्वामी’ किंवा ‘अय्या’ म्हणावे, ‘बाबा’ कानाला खटकते.

सिद्धरामेश्वरांसाठी ‘शिवयोगी’ हाच शब्द ठेवा. बाराव्या शतकातील या योग्याशी कुंभारकन्येने लग्नाचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाहाची अनुमती दिली, अशी कथा आहे. यात्रेत संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात त्या याच विवाहाच्या. पत्रकात ‘सिद्धरामांचे लग्न’ छापले तर सगळा अर्थच उलटतो.

पुरवणी प्रश्न : राख, भस्म, विभूती, अंगारा एकच का?

उत्तर : राख चुलीतली. अंगारा देवापुढच्या धूपाचा, बोटाने लावायचा. भस्म आणि विभूती हे धार्मिक शब्द, आणि लिंगायत घरात विभूतीच म्हणतात. ती करताना गायीच्या शेणाच्या गोवऱ्या पूर्ण वाळवून जाळतात. ओलसर राहिल्या तर कोळसा उरतो आणि विभूती काळपट निघते. राख फडक्यातून गाळून पाण्यात कालवतात, खडा तळाशी बसू देतात, वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात काढून त्यातला साका निवळू देतात. निवळ पाणी ओतून त्या साक्याची गट्टी करून वाळवतात. तळचा खडा साक्यात आला तर कपाळावर ओरखडे उठतात.

लावताना गट्टी किंचित ओली करून मधल्या तीन बोटांनी एकाच ओढीत तीन रेघा काढाव्यात. पाणी जास्त झाले तर रेघा एकमेकींत मिसळतात. ओल्यात त्या फिकट दिसतात, वाळल्या की पांढऱ्या उठतात. फिकट वाटल्या म्हणून लगेच दुसरा हात फिरवू नये.