लाडकी राइड बदलली तेव्हा : तुमचे अनुभव सांगा की

तिसरं गेट, बेळगाव

गेल्या रविवारी बहिणीला व्हिडिओ कॉल लावलो, ती फ्लोरिडात असते. भाची तोंड पाडून बसलेली. काय झालं गे विचारलो तर म्हणाली, मामा, आज टियानाच्या राइडला गेलेलो, माझी स्प्लॅश माउंटन कुठं गेली. मागनं तिचा बाप ओरडला, तिचं काय ऐकताय, नवीनच चांगली आहे, आणि मग बापलेकीची जी जुंपली, मी आपला कुंदा खात ऐकत बसलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, स्प्लॅश माउंटन म्हणजे काय ते. डिस्नेच्या पार्कात ओंडक्यासारख्या होडीत बसायचं, गाणारे ससे, कोल्हे, अस्वलं बघत बघत पाण्यातनं वर चढायचं आणि शेवटी साधारण ५० फुटांवरनं धाडकन खाली. आपला गोकाकचा धबधबा १७१ फूट आहे पण तिथं होडीत कोण बसवत नाही. कॅलिफोर्नियात ही राइड १९८९ ला चालू झाली, फ्लोरिडात १९९२ ला. २०२० च्या जूनमध्ये कंपनीनं जाहीर केलं की पाणी तेच, होडी तीच, उडी तीच, गोष्ट तेवढी बदलणार. फ्लोरिडातली २२ जानेवारी २०२३ ला शेवटची फिरली आणि २८ जून २०२४ ला टियाना राजकन्येची होऊन परत उघडली. बंद व्हायच्या वेळेला लोक तिथलं पाणी बरणीत भरून ऑनलाइन विकायला काढलेले. गंगाजल काय ते!

मला आधी हसायला आलं. मग आठवलं, सीपीएड मैदानावर प्रदर्शन लागायचं त्यातल्या कोलंबसला, म्हणजे त्या झुलणाऱ्या मोठ्या होडीला, पुढं वाघाचं तोंड होतं. त्या वाघाचा एक कान तुटलेला आणि आतली सळी बाहेर आलेली, मी चौथीत असताना पळत जाऊन पहिली फळी पकडायचो, ती सळी धरायला मिळावी म्हणून. एका वर्षी गेलो तर वाघाच्या जागी पिवळं बदक. होडी तीच, डिझेलचा वास तोच, "कूड्री कूड्री" (बसा बसा) म्हणून कन्नडात ओरडणारा माणूसपण तोच, पण मी बसलो नाही. त्या पैशाचं भडंग खाल्लो आणि घरी आलो. तेव्हा भाचीला हसायचा मला काय अधिकार नाही.

तर सांगा, तुमचं असं काही बदललंय काय? जत्रेतला पाळणा, बागेतली घसरगुंडी, काहीपण चालेल. एकच विनंती, १ नोव्हेंबर २०१४ ला आख्ख्या गावाचंच नाव बदललं त्याचं काय, असं कोण सुरू करू नका, त्यावर बोलायला जन्म पडलाय.

चिकोडीचा, सध्या टॅम्पा

मी दोन्हीत बसलोय म्हणून बोलतो. तुमच्या भाचीचं चुकीचं नाही आणि तिच्या बापाचंपण नाही.

जुन्या राइडची खरी मजा उडीत नव्हती, उडीच्या आधीच्या दोन मिनिटांत होती. सशाला कोल्हा पकडतो, आता खाणार म्हटल्यावर ससा गयावया करतो की बाबा मला भाज, टांग, काय पण कर, पण त्या काटेरी जाळीत तेवढं टाकू नको. कोल्हा चिडून नेमकं तिथंच टाकतो आणि ससा काट्यातच वाढलेला असतोय, तो सुटतो. ती शेवटची उडी म्हणजे सशाला फेकलेलं, आणि होडीत बसलेले आपणच ससा. वर चढताना गिधाडं बसलेली, ती आपल्याला टोमणे मारायची. बायको माझा हात इतका घट्ट धरलेली की नखं उमटली, आणि लग्नाला तेव्हा चारच महिने झालेले, म्हणून मला ती गिधाडं जास्तच आवडतात ते सोडा.

आता नवीन. टियाना पार्टीसाठी वाजवणारी मंडळी शोधत्येय, मामा ओडी नावाची म्हातारी मंत्र घालून आपल्याला बेडकाएवढं करते, आणि शेवटची उडी कशासाठी, तर परत माणसाएवढं व्हायला. बाहुल्या काय केल्यात बघा, टियानाचे हात, डोळे, तोंड हलतंय ते बघून मागच्या होडीतलं पोरगं ती खरी बाई आहे काय विचारत होतं. जुन्या बाहुल्या ह्याच्यापुढं अगदीच लाकडी. पण कोण मागं लागलेलं नाही, कोण खाणार नाही, सगळे चांगले, मग मी पडतोय कशाला? पार्टीला उशीर होतो म्हणून? एवढंच माझं दुखणं. रंग, गाणी, राजकन्या, त्याबद्दल माझी काय तक्रार नाही.

वडगावकरीण

आमच्याकडं बायकापण आलो गेलो म्हणतात, आधीच सांगतो, नंतर कोण पुण्याचं व्याकरण शिकवायला येऊ नका.

मंगाईची जत्रा आषाढात, म्हणजे पाऊस आणि चिखल. ड्रॅगन ट्रेन लागायची, हिरवं तोंड, लाल जीभ, डोळ्यांत बल्ब, त्यातला डावा कायम बंद. आमचा थोरला तीन वर्षांचा असल्यापासून तिला "काणी गाडी" म्हणायचा. दोन वर्षं तीच आली. तिसऱ्या वर्षी तोंड बदलून कसलं तरी टीव्हीवरचं मांजर बसवलेले, दोन्ही डोळे चकाचक. पोरगं गाडीसमोर उभं राहून "काणी कुठाय" म्हणून असं रडायला लागलं की गाडीवाल्यानं हॅण्डल सोडून येऊन विचारलं काय झालं बाई, हरवलंय काय कोण. मी सांगितलो. त्यानं काय करावं, गाडीच्या मागं नेऊन दाखवला, ताडपत्रीखाली ड्रॅगनचं तोंड पालथं टाकून त्यावर स्टोव्ह ठेवून त्याची बायको चहा करत होती. पोरगं गप्प झालं. डोळ्याच्या भोकात बोट घालून बघितलं आणि मग मांजरात बसलं.

मला विचाराल तर त्या अमेरिकेवाल्यांनीपण जुना ससा कुठंतरी मागं ठेवायला पाहिजे होता, पोरांना नेऊन दाखवायला.

हलता देखावा, शहापूर

तिसरं गेट, तुम्ही आमच्या दुखत्या जागेवर बोट ठेवला. मी पंधरा-सोळा वर्षं गणपतीला मंडळात हलते देखावे केलोय. लोक वर्षभर विचारतात यंदा काय, आणि आतलं गुपित असं की यंदा काय म्हणजे मागच्याच बाहुल्या. एक दाखवतो. आमच्याकडं एक दांडगा सांगाडा होता, आत लोखंडी पट्ट्या, गुडघ्याला दाराची बिजागरी, हात वरखाली करायला जुन्या गाडीच्या वायपरची मोटर, बारा व्होल्टची. पहिल्या वर्षी तो अफझलखान. दुसऱ्या वर्षी दाढी काढून पोट वाढवलो, बकासुर. तिसऱ्या वर्षी सामाजिक विषय घ्यायचं ठरलं, त्याला कोट-टोपी घातलो, हुंडा मागणारा सासरा. शेजारच्या गल्लीतले एक तात्या रोज रात्री बघायला यायचे, पहिल्याच दिवशी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, खान बरा आहे की अजून, उजवा हात मात्र वर जाताना दोनदा अडकतोय, ग्रीस घाला. सासऱ्यात त्यांनी खानाला ओळखलं!

आणि हेच तिकडंपण झालंय. कॅलिफोर्नियातल्या स्प्लॅश माउंटनमध्ये जे बगळे, बेडूक, कोंबड्या गात होत्या त्यातल्या बऱ्याच आधीच्या एका खेळातल्या, अमेरिका सिंग्ज नावाचा, १९७४ ते १९८८ चालला. तो बंद केले आणि बाहुल्या इकडं आणून बसवले, पैसे वाचवायला. म्हणजे जी राइड बदलली म्हणून लोक रडतात ती स्वतःच दुसऱ्याचं मोडून बांधलेली. अमेरिका सिंग्जवर जीव असलेलं कोणतरी असेलच की, १९८९ ला ओंडक्यात बसून "ह्या बदकाला मी ओळखतो" म्हणणारं.

गुरुजी, खानापूर

सगळे आठवणीतच रमलाय, बदलले का ते कोण बोलत नाही. स्प्लॅश माउंटनचे ससा-कोल्हा ज्या सिनेमातनं आले तो १९४६ चा साँग ऑफ द साउथ. गुलामगिरी नुकतीच संपलेली, मळ्यावरचे काळे मजूर गोऱ्या मालकाच्या घराभोवती हसत-गात सुखात आहेत असं चित्र. तेव्हाच काळ्या लोकांच्या संघटनेनं आक्षेप घेतलेला. त्यातला मुख्य नट जेम्स बास्केट, काळा माणूस, त्याला अटलांटातल्या पहिल्या खेळाला जाता आलं नाही कारण तिथं गोऱ्या-काळ्यांच्या बसायच्या-राहायच्या जागा वेगळ्या. कंपनीला स्वतःलाच त्या सिनेमाची इतकी अडचण की अमेरिकेत त्याची व्हिडिओ कॅसेट कधी काढली नाही, पण राइड मात्र तीस वर्षं चालवली. आणि ती चालवतानापण गोष्ट सांगणारा म्हातारा काढून टाकला, सशाला चिकटवून पकडायला कोल्हा जी डांबराची बाहुली करतो तिच्या जागी मधाचं पोळं घातलं. म्हणजे सोवळं पहिल्यापासूनच पाळत होते.

टियाना २००९ च्या सिनेमातली, डिस्नेची पहिली काळी राजकन्या, न्यू ऑर्लिन्सची, स्वतःचं हॉटेल काढायचं स्वप्न असलेली. लीया चेस नावाची तिथली नावाजलेली स्वयंपाकीण होती तिच्यावरनं घेतलेली. पन्नास फुटांवरनं एखाद्या काळ्या पोरीला तिच्यासारखी दिसणारी दिसत असेल तर मला वाटतं ससा गेला तर जाऊ दे.

चिकोडीचा, सध्या टॅम्पा

गुरुजी, त्याला कोण नाही म्हणतंय. राजकन्या असू दे की. तिच्या सिनेमात चांगला मांत्रिक खलनायक आहे, त्याला का नाही घेतला? मागं तो लागला असता तर उडीला अर्थ आला असता.

गुरुजी, खानापूर

हे पटलं.

मुतग्याचा पोऱ्या

टोकियोत असतो दोन वर्षांसाठी, कंपनीनं पाठवलंय. इथल्या डिस्नेत तीच स्प्लॅश माउंटन १९९२ पासून आहे, २०२४ ला गेलेलो तेव्हा जुनी गोष्टच चालू होती, ससा जपानीत गयावया करतोय. कळत एक शब्द नाही पण काट्यात टाकू नको म्हणतोय ते आवाजावरनं समजतं. माझ्या पुढच्या ओंडक्यात एक अमेरिकन म्हातारं जोडपं, दोघांनी सशाचे टी-शर्ट घातलेले, खाली आल्यावर भिजलेल्या अंगानं परत लायनीत जाऊन उभे. नव्वद मिनिटांची लाइन होती. मी रामेन खायला गेलो.

हलशीवाडी

आमच्या गावात कसली थीम न् काय. लाकडी पाळणा, चार पेट्या, माणूस हातानं ढकलायचा आणि वेग आला की स्वतः दांडीला लोंबकळून एक फेरी वर जाऊन यायचा. आम्ही पाळण्यात बसायला नाही, त्याला लोंबकळताना बघायला पैसे द्यायचो. नंतर मोटरचा पाळणा आला, लायटिंग, गाणी. म्हातारा तिकिटं फाडायला बसला. कुणी काय म्हटलं नाही, आम्हीपण नाही.

तंबाखूपट्टा, निपाणी

माझं थोडं रागाचं आहे. आमच्याकडच्या एका बागेत सिमेंटचा पाणघोडा होता, शेपटीकडनं शिडी चढायची आणि तोंडातनं घसरून बाहेर यायचं. जीभ म्हणजे घसरगुंडी, पोरांच्या चड्ड्यांनी घासून घासून आरशासारखी झालेली. जबड्यावर दोन सुळे, त्यावर टकुरं आपटलं नाही असं आमच्या पिढीत निपाणीत कोण सापडायचं नाही, माझ्या भुवईवर खूण आहे. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं नूतनीकरण. पाणघोड्याला निळा रंग मारला, वर पंख लावले, डॉल्फिन म्हणे. डॉल्फिनला चार पाय! आणि सुळे काढायच्या नादात जीभ मधोमध चिरली, मग तारेचं कुंपण घालून "वापर बंद" बोर्ड लावला, तो आजपण आहे. फ्लोरिडातल्या लोकांना म्हणावं तुमची राइड निदान फिरते तरी.

वडगावकरीण

चार पायांचा डॉल्फिन 😂 फोटो टाका की वो

तंबाखूपट्टा, निपाणी

उद्या काढतो. कुंपणाच्या बाहेरनंच निघेल.

हलता देखावा, शहापूर

सुळे कुठं टाकले विचारा. असतील तर द्या, यंदा नरसिंह करायचाय.

तिसरं गेट, बेळगाव

सगळं वाचून भाचीला फोन केलो. गुरुजींचं सांगितलो तर गप्प ऐकली, म्हणाली हे आम्हाला शाळेत सांगितलंय, मला राजकन्या आवडते, मला ती गिधाडं पाहिजेत. म्हणजे चिकोडीवाल्याच्या बाजूची. काणी गाडीचं ऐकून मात्र खूप हसली आणि पुढच्या आषाढात बेळगावला येते म्हणाली, आईला बापाला विचारून. मी उगाच हो म्हणून बसलो. वडगाव, यंदा काय काय लागलंय गे जत्रेत?

वडगावकरीण

पाळणा उभा केलाय. ब्रेक डान्सच्या खुर्च्या अजून ट्रकमध्येच आहेत, पावसानं जमीन बसलेली नाही. ट्रेनचं तोंड ताडपत्रीत आहे, कुठलं ते कळलं नाही. संध्याकाळी पोरग्याला घेऊन जातो, बघून सांगतो.