मदत हवी आहे: पेसमेकर आहे, मेंदूचा एमआरआय कसा करायचा?

बाबांना (वय ७१) फुप्फुसाचा कॅन्सर, स्टेज ३ म्हणतायत. पेट स्कॅनमध्ये (साखरेसारखं औषध टोचून करतात तो) मेंदूत काही दिसलं नाही पण डॉक्टर म्हणाले त्यावर विसंबू नका, मेंदू मुळातच साखर भरपूर ओढतो त्यामुळे पेटमध्ये तो सगळाच उजळतो आणि बारक्या गाठी त्यात लपतात, म्हणून कॉन्ट्रास्टवाला (शिरेतून औषध देऊन केलेला) एमआरआय हवा.

घोडं अडलंय पेसमेकरपाशी. बॅटरी २०२१ ला बदलली, ती एमआरआयला चालणारी आहे, पण हृदयातल्या वायरी २०१० च्याच. दोन सेंटरवाल्यांनी पेसमेकरचं कार्ड उलटंपालटं करून बघितलं, वायरींचं वर्ष वाचलं आणि सरळ नाही म्हणाले. कार्डिओलॉजिस्ट म्हणतात रेडिओलॉजीवाल्यांना विचारा, ते म्हणतात कार्डिओलॉजिस्टचं पत्र आणा, आम्ही मधल्यामधे चेंडू.

तोवर कॉन्ट्रास्ट सीटी करून घेतला, तो क्लीन आहे, पण सीटीत लहान गाठी सुटू शकतात म्हणे. डोकेदुखी, फिट, तोल जाणं काही नाही. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) १.१. बाबा पूर्णपणे पेसमेकरवर अवलंबून नाहीत असं मागच्या चेकअपला सांगितलंय. आम्ही नाशिकला, पुणे-मुंबईला यायची तयारी आहे. पुढची ट्रीटमेंट यावरच ठरणार, त्यामुळे फार थांबता येणार नाही.

जुन्या वायरी असताना १.५ टेस्लाच्या (चुंबकाची ताकद) मशीनवर, पेसमेकरचं सेटिंग बदलणारा कंपनीचा प्रोग्रामरवाला आणि कार्डिओलॉजिस्ट समोर ठेवून एमआरआय कुणाच्या घरी झालाय का, कुठे, आणि त्यांनी पत्रात नेमकं काय लिहून मागितलं?