मावशीने सोलर-बॅटरी लीजवर सही केलीय, रद्द करायला दिवस किती? (कॅलिफोर्निया)

मंडळी, घाईत लिहितेय, शुद्धलेखनाकडे काणाडोळा करा.

माझी मावशी ७१ वर्षांची, फ्रीमाँटला एकटी राहते. घर तिच्या नावावर, कर्ज फिटलेलं. परवा गुरुवारी संध्याकाळी दारात एक सोलरवाला आला. हिंदी बोलणारा, 'आंटीजी, आंटीजी' करणारा. मावशीने त्याला चहा आणि चिवडा दिला, त्याने तिला २५ वर्षांचं लीज दिलं! टॅबलेटवर बोटाने सह्या झाल्यासुद्धा. मला आज शनिवारी फोनवर सहज बोलताना कळलं. रागावले तर म्हणते, "अगं, बिचारा उन्हातून आला होता."

करार ईमेलवर आलाय, तो दुपारपासून वाचतेय. छपरावर पॅनेल, गॅरेजच्या भिंतीवर १३.५ किलोवॅट-तासांची बॅटरी. पहिल्या वर्षी महिना १५० डॉलर, मग दरवर्षी २.९ टक्के वाढ. मावशीला फक्त '१५०' सांगितलं होतं. मी एक्सेलमध्ये मांडून पाहिलं तर पंचविसाव्या वर्षी हप्ता २९८च्या आसपास जातो आणि एकूण भरणा साधारण ६४,८०० डॉलर. तिचं आत्ताचं पीजीअँडईचं (इथली वीज कंपनी) बिल महिना सरासरी २१० आहे. ते बंद होणार, मीटर उलटं फिरणार, असं तो सांगून गेलाय.

छप्पर १८ वर्षांचं आहे. कौलं बदलायला पॅनेल उतरवावी लागली तर उतरवणं-चढवणं ग्राहकाच्या खर्चाने, असं अकराव्या पानावर बारीक अक्षरात आहे. शिवाय सहा-सात वर्षांनी घर विकून ती आमच्याकडे यायचं म्हणतेय.

आता खरा घोळ. सोबतच्या रद्द करण्याच्या फॉर्मवर 'तीन दिवस' आणि सोमवारची तारीख छापलीय. पण ज्येष्ठांना जास्त दिवस मिळतात असं कुठेतरी वाचल्याचं आठवतंय. खरं आहे का? शनिवार-रविवार मोजायचे की नाही? आणि रद्द करावंच का? मावशीचा जीव बॅटरीत अडकलाय. मागे दोन दिवस वीज गेली तेव्हा फ्रीजमधलं सगळं फेकावं लागलं होतं, ते ती विसरत नाही.

प्रतिसाद – खारीक

आधी तारीख. घरी येऊन केलेल्या विक्रीला, त्यात लीजही आलं, कॅलिफोर्नियात तीन कामकाजाचे दिवस मिळतात. ६५ आणि त्यापुढच्यांना १ जानेवारी २०२१ पासून पाच. या कायद्यात शनिवार कामाचा दिवस धरतात, रविवार आणि ठरावीक सुट्ट्या नाही. गुरुवारची सही म्हणजे शुक्र, शनि, सोम, मंगळ, बुध. बुधवारी मध्यरात्रीपर्यंत वेळ आहे. फॉर्मवर तीनच दिवस छापणं ही त्यांची चूक, पण तुम्ही त्यावर वाद घालत बसू नका. सोमवारीच सही केलेला फॉर्म सर्टिफाइड मेलने टाका, ईमेलही करा. पत्र पोहोचल्याची नाही, पोस्टात टाकल्याची तारीख धरतात. पावती जपा, फॉर्मचा फोटो काढून ठेवा.

दुसरं, कराराच्या पहिल्या पानावर कंत्राटदार परवाना मंडळाचं सोलर प्रकटीकरण पत्रक आहे का पाहा. २०१७च्या कायद्याने आलेलं आहे. एकूण खर्च आणि रद्द करण्याचा हक्क त्यात लिहिलेला असायला हवा. सीपीयूसीची (राज्याचा वीज नियामक आयोग) ग्राहक संरक्षण पुस्तिकाही करारावर सही करण्याआधी द्यावी लागते आणि तिच्यावर मावशींची वेगळी सही लागते. ती त्यांनी वाचली होती का?

प्रतिसाद – धागाकर्ती

वाचली?? तिला वाटलं ती सोलरची जाहिरात आहे. 'इथे बोट, इथे बोट' करत त्याने पुढे सरकवली. करार तर सगळा इंग्रजीत.

प्रतिसाद – खारीक

बोलणी ज्या भाषेत झाली तिच्यात करार द्यायचा, हा इथला जुना नियम स्पॅनिश, चिनी, टागालोग, व्हिएतनामी आणि कोरियन या पाचच भाषांना आहे. आपली हिंदी-मराठी त्यात नाही. पण घरी येऊन केलेल्या विक्रीच्या कायद्यात करार बोलणी मुख्यतः ज्या भाषेत झाली तिच्यातच हवा असं वेगळं म्हटलंय, त्यामुळे ते हत्यार अगदीच बाद नाही.

प्रतिसाद – सांजवात

मीटर उलटं फिरणं १५ एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या जोडण्यांना नाही. ग्रीडला दिलेल्या विजेला किरकोळ दरापेक्षा बराच कमी भाव मिळतो. म्हणून तर बॅटरी विकतात: दुपारी भरा, संध्याकाळी ४ ते ९ महाग वेळेत वापरा. पीजीअँडईचं बिल येतच राहणार, त्यात हप्ता मिळवा आणि मग २१०शी ताडून पाहा.

लीजवाले आत्ताच इतके का फिरतायत तेही सांगते. स्वतः विकत घेणाऱ्याची ३० टक्के करसवलत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली, लीजवर देणाऱ्या कंपनीला मात्र अजून दार उघडं आहे.

घर विकायचं म्हणताय म्हणून आमचा अनुभव. दोन वर्षांपूर्वी सॅक्रामेंटोजवळचं आमचं घर विकलं, त्यावर आधीच्या मालकापासून चालत आलेलं लीज होतं. अशा कराराची नोटीस काउंटीच्या दप्तरी नोंदलेली असते, ती टायटल रिपोर्टमध्ये (घराच्या मालकीहक्काच्या तपासणी अहवालात) आली. खरेदीदाराची कंपनीने पत तपासली, तीन आठवडे ताटकळलो, शेवटी हस्तांतर झालं. नसतं झालं तर उरलेलं लीज आम्हीच विकत घ्यायचं होतं.

बॅटरीबद्दल कंपनीला लेखी विचारा: हमी किती वर्षांची? बऱ्याच बॅटऱ्यांना दहाच वर्षांची असते, लीज पंचवीसचं. ग्रीडच्या गरजेला बॅटरी वापरली तर त्याचे पैसे कोणाला? वीज जाईल तेव्हासाठी किती टक्के राखून ठेवायची हे मावशी ठरवणार की कंपनी? आणि कंपनी बुडाली तर दुरुस्तीला कोण येणार? सनपॉवर ऑगस्ट २०२४ मध्ये आणि सनोव्हा जून २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली, दोन्ही लहान कंपन्या नव्हत्या.

माझं मत विचाराल तर १८ वर्षांच्या छपरावर मी काहीच चढवणार नाही.

प्रतिसाद – धागाकर्ती

सोमवारी सकाळी पोस्टात जाऊन आलो. मावशीने स्वतः सही केली, पावती तिच्या पर्समध्ये आहे, फोटो माझ्याकडे. दुपारपासून सोलरवाल्याचे चार फोन. पाचवा तिने उचललाच, आणि "बेटा, चहाला ये, पण टॅबलेट आणू नकोस" म्हणाली.

फ्रीजचा प्रश्न उरलाच आहे. फक्त बॅटरी, छपराला हात न लावता, रोखीने कुणी बसवून घेतलीय का? एकूण किती पडली, आणि परमिटला किती दिवस गेले?