कॉलेजात बांधकाम चालू, तास पण चालू : तुमचे अनुभव लिहा

मंडळी, गेल्या काही वर्षांत साताऱ्या-सांगलीकडच्या कॉलेजांच्या आवारात सतत काही ना काही उभं राहतंय. नवी लॅब, मुलींचं होस्टेल, कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची कमिटी यायच्या आत चढवायचा दुसरा मजला, आणि काहीच नाही तर पेव्हिंग ब्लॉक. इमारती हव्यात, त्यावर वाद नाही. ज्या साताऱ्यात कर्मवीरांनी ‘कमवा आणि शिका’ रुजवलं तिथं घमेल्या-फावड्याला कोण नाक मुरडणार? पण मी इथं शिकवते, आणि जूनपासून माझा अकराचा तास म्हणजे दगड फोडायचा ब्रेकर दम खायला थांबला की त्या फटीत जेवढं बोलून होईल तेवढा. तक्रार घेऊन गेलं की उत्तर ठरलेलं, "मॅडम, विकास हवा तर सोसायला पाहिजे." सोसायचं ते नेमकं कुणी आणि किती, हे एकदा लिहून काढू या म्हणून हा धागा.

कॉलेजचं नाव नको, माणसाचं तर अजिबात नको. आवाज कसला, कुठल्या तासाला, त्यानं काय बिघडलं आणि कुणी काही मार्ग काढला का, एवढं लिहा. बांधकामाच्या बाजूचं कुणी असेल तर त्यांनीही लिहा, नुसतं आमचंच रडगाणं नको.

मागचा_बाक, सांगली

पहिल्यांदा आम्ही खूश होतो. ब्रेकर लागला की सर खडू हातात धरून उभे, आणि आमच्या गप्पा चालू. दिवाळीनंतर सेमिस्टर अंगावर आली तेव्हा वह्या उघडल्या. थर्मोडायनॅमिक्सचं एक डेरिव्हेशन माझ्या वहीत तीन पायऱ्यांपर्यंत व्यवस्थित आहे, मग चार ओळी कोऱ्या, मग एकदम उत्तर. शेजाऱ्याची वही मागितली तर त्याच्याही चार ओळी तिथंच कोऱ्या. हुशार पोरींच्या वह्या आणल्या, तिथंही तेच. सगळ्या वर्गाच्या वहीला एकाच जागी भोक!

एक सांगतो, ब्रेकरची सवय होते. टाइल कटरची होत नाही. ब्रेकर निदान लागला की लागला. कटरचा काही नेम नाही. दोन मिनिटं शांत, सर वाक्य सुरू करतात आणि क्रियापदापर्यंत पोचायच्या आत किर्रर्र. आपल्याकडं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळं इलेक्ट्रॉन ऐकू येतो पण त्याचं पुढं काय झालं ते कळत नाही.

भौतिकवाले सर

या मागच्या बाकाला मी बहुधा ओळखतो. असो.

आकडे सांगतो, म्हणजे नुसता वैताग वाटायला नको. साधं बोलणं एक मीटरवर ६० डेसिबलच्या आसपास असतं. ब्रेकर जवळून १०० च्या घरात. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. म्हणजे एका मीटरवर १०० असेल तर ३२ मीटरवर ७०. आमची इमारत आणि नवा पाया यांच्यात तेवढंही अंतर नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ मध्ये वर्गासाठी सांगितलेली मर्यादा आहे ३५ डेसिबल, तीही तास चालू असताना मागं जो आवाज असेल त्याची. ३५ मध्ये तर आमचा पंखासुद्धा बसत नाही. (मोबाइलवरच्या ॲपनं मोजून भांडायला जाऊ नका, त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.)

खिडक्या लावा म्हणाल, तर मार्चमध्ये सांगलीत बंद खिडक्यांच्या वर्गात शंभर पोरं बसवून बघा.

गोंगाटात माणूस आपोआप आवाज चढवतो. एतियेन लोम्बार्ड या फ्रेंच डॉक्टरानं १९११ मध्ये हे मांडलं, म्हणून लोम्बार्ड परिणाम म्हणतात. आपण ओरडतोय हे ओरडणाऱ्याला कळतच नाही. कळतं संध्याकाळी, घरी फोन घ्यायला गेलं आणि घशातून नुसती हवा आली की. माझ्या दोन सहकाऱ्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी बोलणं बंद ठेवायला सांगितलं. मास्तराला बोलू नको म्हणणं सोपं आहे, पण सिलॅबस कोण संपवणार?

कानातलं_यंत्र, सातारा

मी लहानपणापासून श्रवणयंत्र लावते. बी.ए. दुसरं वर्ष. लोकांना वाटतं, यंत्र आहे म्हणजे हिला ऐकू येतं. यंत्र सगळंच मोठं करतं. मॅडमचा आवाज मोठा, पंखा मोठा, मागच्या बाकावरची कुजबुज मोठी. नव्या यंत्रांमध्ये गोंगाट कमी करायची सोय असते, माझ्यातही आहे, पण सळई कापायची मशीन चालू झाली की तिचं काही चालत नाही. मग माझ्यापुढं दोनच वाटा. यंत्र काढून डबीत ठेवायचं आणि मॅडमच्या ओठांकडं बघायचं, नाहीतर कानात करवत सहन करायची. मी काढते. ओठ वाचता येतात, पण मॅडम फळ्याकडं वळल्या की तेही संपतं.

वर्गात मी हे कधी बोलले नव्हते. मैत्रिणीनं परस्पर जाऊन मॅडमना सांगितलं. मला राग आला होता, पण त्याचा उपयोग झाला. आता मॅडम आधी फळ्यावर लिहून घेतात आणि मग आमच्याकडं तोंड करून बोलतात. फायदा सगळ्यांनाच झाला, कारण त्या आवाजात ऐकू कुणालाच येत नव्हतं, फक्त माझं कारण चिठ्ठीवर लिहिलेलं होतं.

धागाकर्ती

वरचं वाचून आजच्या तासाला मी पण फळ्यावर आधी लिहिलं. खरंच फरक पडतो. हे आम्हाला बी.एड.ला शिकवलं होतं, वापरायची वेळ आता आली.

डार्करूम, सांगली

ऐकू येणं राहिलं बाजूला, आमचं दिसणंच हललं. न्यूटन्स रिंग्जचं प्रॅक्टिकल ज्यांनी केलंय त्यांना कळेल. सोडियमचा पिवळा दिवा, मायक्रोस्कोपखाली बारीक काळी-पिवळी कडी, आणि भिंगातली क्रॉसवायर, म्हणजे फुलीची बारीक तार, एकेका कड्यावर आणत स्क्रू फिरवायचा. तेवढ्यात खाली पोकलेननं बकेट आपटलं की सगळी कडी थरथरतात. थांबल्यावर आपण नवव्या कड्यावर होतो की दहाव्या, ते देव जाणे. पुन्हा मधल्या काळ्या ठिपक्यापासून मोजणी सुरू. सोडियमच्या प्रकाशाची तरंगलांबी ५८९३ अँगस्ट्रॉमच्या आसपास यायला पाहिजे, आमच्या बॅचमध्ये प्रत्येकाची वेगळी आली. मग पोरांनी काय केलं असेल ते सांगायला नको. उत्तर आधी, रीडिंग नंतर.

केमिस्ट्रीवाल्यांच्या चार दशांश स्थळांच्या काट्याची पण तीच गत. शेवटचा आकडा काही केल्या ठरत नाही.

होस्टेलवाली (लॉ), सातारा

आमच्या होस्टेलला लागून काम चालू होतं आणि रात्री अकराला सळई उतरवायचे. ट्रक रिकामा होताना एकेक बंडल जमिनीवर पडायचा तो आवाज आठवला तरी दात शिवशिवतात. विद्यापीठाची परीक्षा तोंडावर. रेक्टर मॅडम म्हणाल्या, दिवसा शहरात अवजड गाड्या सोडत नाहीत, ते तरी काय करणार.

आम्ही नियम काढून बघितले. ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम आहेत. शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. २०१० च्या दुरुस्तीनुसार बांधकामाची आवाज करणारी यंत्रं रात्री रहिवासी भागात आणि शांतता क्षेत्रात चालवायची नाहीत. शाळा-कॉलेज, दवाखाना, कोर्ट यांच्याभोवतीचे १०० मीटर हे शांतता क्षेत्र, असं सगळे धरून चालतात. पण २०१७ च्या दुरुस्तीनं त्यात मेख मारली. राज्य सरकारनं जाहीर केल्याशिवाय कुठलीच जागा शांतता क्षेत्र होत नाही. म्हणजे आधी आपलं आवार जाहीर झालंय का ते शोधा, मग भांडा. आम्ही होस्टेल रहिवासी भागात येतं, या मुद्द्यावर अर्ज दिला. लेखी उत्तर आलं नाही, पण ट्रक संध्याकाळी सातला यायला लागला.

भडंग_विथ_चहा

तुमचं सगळं खरं, पण आमच्या डिप्लोमाच्या सरांनी वेगळंच केलं. आरसीसीचा, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटचा तास, बाहेर स्लॅबचं सेंट्रिंग (खालच्या फळ्या-टेकू) चालू, आवाजानं काही सुचेना. सर म्हणाले, चला रे खाली. हेल्मेट घालून साईटवर उभं केलं आणि सळईखालचे कव्हर ब्लॉक दाखवले. पुस्तकात दोन ओळी असतात त्याच्यावर. त्या दिवशी कळलं की तो एवढासा ठोकळा नसेल तर सळई खाली टेकते, वरनं काँक्रीट पडतं, आणि काही वर्षांनी गंजून स्लॅबचे पापुद्रे निघतात. आता मराठीच्या मॅडमनी कुठं न्यायचं, हा प्रश्न राहतोच म्हणा.

धागाकर्ती

मराठीच्या मॅडम मीच. मी व्हरांड्यात नेलं, तिथं प्लायवूड कापत होते.

कुणीतरी मला व्यक्तिगत विचारलं की एवढ्या-तेवढ्या व्यत्ययानं खरंच शिकण्यावर परिणाम होतो का, की आपणच बाऊ करतोय. न्यूयॉर्कमधल्या एका शाळेचा जुना अभ्यास आहे, १९७५ मध्ये छापलेला. शाळेला खेटून उंचावरून रेल्वे जायची, दर चार-पाच मिनिटांनी एक गाडी. रुळाच्या बाजूच्या वर्गातली मुलं वाचनात दुसऱ्या बाजूच्या मुलांच्या मागं पडलेली निघाली. नंतर रुळाखाली रबर बसवलं, वर्गांना आवाज शोषणारं छत केलं, आणि पुन्हा तपासलं तेव्हा तो फरक राहिला नव्हता. ती मुलं शाळेतली, आवाज रेल्वेचा, त्यामुळं आपल्याला जसंच्या तसं लागू करता येणार नाही. पण गाडी गेल्यावर बाईंना वाक्य पुन्हा जोडावं लागायचं, ते मात्र अगदी ओळखीचं वाटलं.

नाव_नको

माझी आई सांगलीतल्या एका कॉलेजच्या साईटवर बिगारी आहे. मी दुसऱ्या कॉलेजात शिकतो. तुम्हाला पन्नास मिनिटांचा तास, तिला सकाळपासून संध्याकाळपर्यंत मिक्सरच्या शेजारी. कानात पदराचा बोळा. घरी आल्यावर टीव्ही मोठा लावते आणि मी अभ्यासाला बसलो की बंद करते. तुमच्या तक्रारी बरोबरच आहेत, फक्त अर्जात जमलं तर कामगारांना कानाला लावायला काही द्या, असं एक वाक्य घाला.

साईटवरचा_माणूस, मिरज

मी कंत्राटदाराकडं इंजिनिअर आहे आणि याच भागातल्या कॉलेजात शिकलोय, त्यामुळं दोन्हीकडनं शिव्या खातो. थोडी आमची बाजू.

साताऱ्याकडं मुरूम काढला की खाली काळा पाषाण. तिथं पाया घ्यायचा म्हणजे ब्रेकर लावावाच लागतो. सांगलीला नदीकाठची काळी माती, ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, म्हणून खोल जावं लागतं. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी. मग कामाचे महिने उरले दिवाळी ते मे, आणि तुमच्या परीक्षा पण त्याच महिन्यांत. हे मुद्दाम कुणी करत नाही.

दुसरं, स्लॅबचा दिवस. लोक मधेच येऊन सांगतात, अर्धा तास थांबा, पाहुणे आलेत. एकदा काँक्रीट पडायला लागलं की थांबता येत नाही. आधीचा थर घट्ट व्हायच्या आत पुढचा पडला पाहिजे आणि व्हायब्रेटर फिरला पाहिजे, नाहीतर मधे सांधा राहतो आणि पुढच्या पावसाळ्यात तिथनंच गळतं. गळल्यावर पुन्हा आम्हालाच बोलवणार. स्लॅबची तारीख मात्र आम्हाला आधी माहीत असते. सेंट्रिंग, सळई, तपासणी हे सगळं झाल्याशिवाय ती पडतच नाही. माझ्या एवढ्या कामांत कुठल्याही कॉलेजनं ती तारीख विचारली नाही. टाइमटेबल करणाऱ्या सरांना माझा नंबर माहीत नाही, मला त्यांचा नाही.

मागचा_बाक, सांगली

काका, मग रविवारी घ्या की स्लॅब.

साईटवरचा_माणूस, मिरज

घेतो. रविवारी आरएमसीचा (तयार काँक्रीटचा) प्लांट चालू असेल आणि मजूर गावाला गेले नसतील तर घेतो. विचारा तर.

भौतिकवाले सर

मला खरोखर जाणून घ्यायचंय. कटर, सळई आणि ब्रेकर हे दुपारी दोननंतरच, असं आम्ही म्हटलं तर तुमचा खर्च वाढतो का?

साईटवरचा_माणूस, मिरज

वाढतो सर. मजुराला रोज पूर्ण द्यावा लागतो, काम अर्धा दिवस होतं. पण सगळंच तसं नाही. सळई बाहेरनं मापाप्रमाणं कापून, वाकवून मागवता येते, साईटवर कापायची गरजच नाही. टाइल कापायचं टेबल व्हरांड्यात लावण्याऐवजी मैदानाच्या टोकाला लावता येतं. तिथनं वाहून आणायला एक माणूस जास्त लागतो, बस. पाणी सोडून कापली तर धूळही उडत नाही. राहिला ब्रेकर. दगडात भोकं पाडून त्यात फुगणारी पावडर भरतात, रात्रभरात दगड तडकतो. भोकं पाडताना आवाज होतोच, पण दिवसभराचा धडधडाट वाचतो. महाग आहे आणि हळू आहे.

फक्त हे टेंडर निघायच्या आधी सांगा. अटीत लिहिलं असेल तर आम्ही त्याप्रमाणं रेट भरतो, सगळे भरतात. वर्क ऑर्डर झाल्यावर येऊन सांगितलंत तर मालक हो म्हणतो आणि मुकादम कटर चालूच ठेवतो.

धागाकर्ती

आमच्या लायब्ररीच्या विस्ताराचं टेंडर अजून निघायचंय. या चार अटी जशाच्या तशा उतरवून उद्या बांधकाम समितीकडं देते, कामगारांच्या कानांचं वाक्य पहिलं. कुणाच्या कॉलेजात अशी अट आधीच घातली असेल तर तिची भाषा इथं टाका, आम्हाला कागदावर तेवढी लागेल.